उन्हाचा हिशोब हिमाच्या रानात



मागल्या महिन्यात एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. काम आटोपून एका घरी चहाला बसलो, तर त्या घरची दहावीतली मुलगी एक पुस्तक घेऊन पुढे आली. पुस्तकात चित्र होते. गुडघाभर हिमात माणसे उभी, मागे उंच टोकदार झाडांचे रान, आणि माणसांच्या हातात कसलीशी यंत्रे. खाली लिहिले होते की, हिमावरून आणि झाडांवरून ऊन किती परत फिरते ते ही माणसे मोजीत आहेत. मुलीने विचारले, "काका, हिम तर पांढरेच असते. मग त्यात मोजायचे काय?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर चहाचा कप रिकामा होईपर्यंत संपणारे नव्हते. "तुला लेखातून सांगतो," असे कबूल करून उठलो. त्या कबुलीचा हा लेख. गोष्ट दूर देशाची आहे, पण शेवटी ती आपल्या बांधापर्यंत येते, म्हणून सवडीने वाचा.

काळा दगड आणि चुन्याचा ओटा

चैत्रातल्या दुपारी अंगणातल्या काळ्या दगडावर अनवाणी पाय ठेवून पाहा. चटका बसतो. शेजारीच चुन्याने रंगवलेला ओटा असेल तर त्यावर पाय टेकवतो. ऊन दोघांवर सारखेच पडते. फरक एवढाच की, चुना बरेचसे ऊन आल्या वाटेने परत पाठवतो आणि काळा दगड ते पोटात ठेवतो. जे पोटात राहते त्याची उष्णता होते.

आता याचा जमाखर्च मांडू. सूर्याने शंभर रुपयांचे ऊन दिले असे धरा. ताजे पडलेले हिम त्यातले ८० ते ९० रुपये परत करते. हिरवे उभे पीक साधारण २० रुपये परत करते. ओली काळी जमीन तर १० रुपयेसुद्धा हातची सोडत नाही. किती ऊन परत गेले याच्या या प्रमाणाला शास्त्रात अल्बेडो म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, हिशोब विसरू नका.

हिमाचा हिशोबही कायम एकसारखा राहत नाही. घरात पिठीसाखर आणि खडीसाखर दोन्ही असतात. वस्तू एकच, पण पिठीसाखर पांढरीशुभ्र दिसते आणि खडीसाखरेतून आरपार दिसते. हिमाचेही तसेच. ताज्या हिमाचा कण बारीक असतो, त्यामुळे उजेड वरच्या थरातच इकडून तिकडे आपटून परत फिरतो. हिम जुने झाले, ओले झाले, की कण जाड होतात. मग उजेड खोल जातो आणि तिथेच मुरतो. त्यावर धूळ किंवा काजळी बसली तर विचारूच नका. वितळू लागलेले मळके हिम शंभरातले निम्मेच परत करते, कधी त्याहूनही कमी.

आपल्या लडाखमधल्या झांस्कर भागातल्या शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेतावरचे हिम लवकर हटावे म्हणून वसंतात ते त्यावर माती पसरतात. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर शेतकरी याच कामासाठी कोळशाची पूड टाकतात. मळके हिम ऊन जास्त खाते, लवकर वितळते आणि पेरणीला काही दिवस आधी वाफसा मिळतो. शाळा शिकलेली असो वा नसो, शेतकऱ्याची नजर असा हिशोब बरोबर ओळखते.

टेबलावर बसून लिहिलेला आकडा

पृथ्वीच्या उत्तर टोकाच्या थोडे खाली झाडांचा एक मोठा पट्टा आहे. अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा सैबेरिया, असा तो जवळजवळ सगळ्या पृथ्वीला करगोट्यासारखा वेढा घालतो. स्प्रूस, पाइन, लार्च यांसारखी सुईच्या पानांची झाडे आणि मधून मधून बर्च. वर्षातले पाच-सहा महिने, कुठे त्याहूनही जास्त दिवस, खाली हिमाची गादी अंथरलेली असते.

हवामानाचा अंदाज संगणकावर करायचा तर जमिनीच्या प्रत्येक तुकड्याने किती ऊन परत केले, हा आकडा त्यात भरावा लागतो. युरोपातल्या देशांची मिळून मध्यम पल्ल्याचे अंदाज देणारी एक मोठी संस्था आहे, तिचे मुख्यालय इंग्लंडात रेडिंग येथे आहे. तिच्या गणितात या उत्तरेच्या रानांवर हिम पडले की परत जाणाऱ्या उन्हाचा आकडा शंभरात ८० पर्यंत जाऊ शकत असे. विचार सरळ होता. हिम पांढरे, पांढरे म्हणजे ८०.

पण अंदाज चुकत होते. मार्च-एप्रिल आला, त्या भागात ऊन चढू लागले, की संगणक सांगे त्यापेक्षा हवा प्रत्यक्षात बरीच उबदार निघे. संगणकाचा हिवाळा संपता संपत नव्हता.

त्याच सुमारास, १९९४ पासून, कॅनडातल्या सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या प्रांतांत एक मोठे काम चालू झाले होते. त्याचे नाव बोरिआस. अनेक संस्थांची माणसे रानात गेली, झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोरे उभारले आणि वर्षभर ऊन मोजले. अ‍ॅलन बेट्स आणि जॉन बॉल या दोघांनी त्या नोंदींचा हिशोब १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीवर हिम असताना उघड्या गवताळ जागेने शंभरातले सुमारे ७५ परत केले. अ‍ॅस्पेन नावाच्या, पाने झडलेल्या झाडांच्या रानाने सुमारे २१. आणि सुईपानांच्या रानाने सुमारे १३!

कुठे ८० आणि कुठे १३! शंभरातले ८७ रुपये रान स्वतःजवळ ठेवते. त्या दिवसांत जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी मिळत नाही, त्यामुळे झाडे पाण्याची वाफ फारशी सोडत नाहीत. साठवलेले ऊन मग हवा तापवण्यातच खर्च होते. संगणकाच्या गणितात नेमका हा खर्चच लिहिलेला नव्हता.

१९९६ च्या अखेरीस त्या संस्थेने हिमाच्छादित रानाचा आकडा ८० वरून २० वर आणला. वसंतातली ती मोठी चूक बरीच कमी झाली. नवा संगणक आणला नाही, मोठा सिद्धांत मांडला नाही. रानात जाऊन मोजलेला एक आकडा योग्य जागी लिहिला, एवढेच.

पांढऱ्या रानात काळोख कुठून आला?

हे तुम्हाला घरी पाहता येईल. अंगणात हातभर लांब-रुंद जागेवर चुना किंवा पांढरी राख पसरा. त्यात तुरकाट्यांचे वीतभर उंचीचे पंचवीस-तीस तुकडे चार-चार बोटांवर खोचा. भर दुपारी सरळ वरून पाहा. जागा पांढरीच दिसेल. आता संध्याकाळी पाचच्या पुढे पुन्हा या. काट्यांच्या लांब सावल्या एकमेकींत मिसळून सगळा चुना काळवंडलेला दिसेल. मग जमिनीशी डोळा लावून पाहा. चुना दिसणारच नाही, नुसत्या काट्या दिसतील.

उत्तरेकडच्या रानात सबंध दिवस आपल्या संध्याकाळसारखा असतो. फिनलंडमध्ये सोदांक्युला नावाचे गाव आहे, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ ७० अंश वर असतो, तिथे तो जेमतेम साडेबावीस अंशांपर्यंत चढतो. पंधरा मीटर उंचीच्या झाडाची सावली तिथे ऐन दुपारी ३६ मीटर पडते. अशी झाडे दाटीने उभी असली तर खालच्या हिमाला ऊन मिळणार कुठून?

वर झाडांवर हिम साचते ना, असे कोणी म्हणेल. साचते. पण वाऱ्याने आणि उन्हाने ते बहुधा थोड्याच दिवसांत गळून पडते आणि काळपट हिरव्या सुया उघड्या होतात. जो उजेड खाली पोहोचतो तोही हिमावरून उडून झाडाच्या खोडापानांवर आपटतो. आडात पडलेली घागर दोराशिवाय वर येत नाही, तसा रानात शिरलेला उजेड सहजासहजी बाहेर येत नाही.

यातून एक गोष्ट जगाच्या ध्यानात आली. सन २००० मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड बेट्स यांनी हिशोब मांडला की, हिमाच्या उघड्या प्रदेशात नवी दाट रानवने लावली तर झाडे हवेतला कार्बन शोषून पृथ्वी गार करण्यास मदत करतील खरी, पण पांढरे हिम झाकून ऊनही जास्त खातील. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बरेचसे निघून जाईल. पण हा हिशोब कोणी आपल्या बांधावरच्या लिंबाला आणि बाभळीला लावू नये. आपल्याकडे झाकायला हिम नाही. इथे झाड सावली देते, पाण्याची वाफ सोडून हवा गार करते, माती धरून ठेवते. झाडे लावाच. सांगायचे इतकेच की, जमाखर्च ज्या जागेचा त्या जागीच मांडावा.

मोजतात तरी कसे?

मुलीच्या चित्रातल्या माणसांकडे आता येऊ. मोजण्याचे मूळ यंत्र सोपे आहे. काचेच्या छोट्या घुमटाखाली काळी चकती असते. ऊन पडले की ती तापते आणि किती तापली त्यावरून ऊन कळते. याला पायरॅनोमीटर म्हणतात. अशी दोन यंत्रे पाठीला पाठ लावून बसवतात. एकाचे तोंड आभाळाकडे, दुसऱ्याचे जमिनीकडे. वरच्याने आलेले ऊन मोजावे, खालच्याने परत जाणारे. दुसऱ्याला पहिल्याने भागले की झाले.

सोपे वाटते, पण करू गेल्यावर घाम फुटतो, तोही त्या थंडीत! वरच्या काचेवर हिम साचते, दवाचा बर्फ धरतो, तो हटवावा लागतो. यंत्र तसूभर कलले तरी आकडा बिघडतो, कारण सूर्य आधीच खाली आहे. शिवाय यंत्र किती उंचीवर आहे तेही महत्त्वाचे. जमिनीपासून दोन मीटरवर असेल तर त्याला येणारा पाचांतला चार भाग उजेड चार मीटरच्या घेरातून येतो. वीस मीटरवर असेल तर चाळीस मीटरच्या घेरातून. म्हणजे दोन मीटरवरचे यंत्र दोन झाडांमधल्या मोकळ्या हिमाचा हिशोब सांगेल, रानाचा नाही. रानाचा हवा तर झाडांच्या वर जायला हवे.

सोदांक्युला येथे फिनलंडच्या हवामान संस्थेचे संशोधन केंद्र आहे. तिथे २००८ ते २०१० या काळात स्नॉर्टेक्स नावाची मोहीम झाली. हिम मुरत जाते, वितळू लागते, त्या दिवसांत परत जाणारे ऊन कसकसे बदलते ते पाहण्यासाठी. काही माणसे पायी रानात शिरून हिमाची खोली, वजन, ओल आणि कणांचा आकार टिपत होती. वरून हेलिकॉप्टर यंत्रे घेऊन फिरत होते. आणि त्याहून वर उपग्रह. एकाच रानाकडे तीन उंचींवरून पाहून तिन्हींचा मेळ बसतो का, हे तपासायचे होते.

त्यांचे काम वाचताना मला आपला मातीचा नमुना आठवला. बांधाजवळचा घेऊ नका, खताच्या ढिगाखालचा घेऊ नका, झाडाखालचा घेऊ नका, शेतात नागमोडी फिरून दहा ठिकाणचा घ्या, असे मी तीस वर्षे सांगत आलो. तिथेही तेच. आपल्या पायाने तुडवलेले हिम मोजायचे नाही. आपली सावली पडू द्यायची नाही. ढग आला तर थांबायचे. प्रत्येक वेळी आधी एका ठरावीक पांढऱ्या पाटीवरचा उजेड मोजायचा, मग हिमावरचा. वाण्याच्या तराजूत आधी वजन पाहावे आणि मग माल, त्यातला प्रकार.

आणखी एक यंत्र असते. कमानीसारखा हलणारा दांडा, त्याच्या टोकाशी उजेड टिपणारा डोळा. हिमाचा एकच तुकडा या बाजूने, वरून, त्या बाजूने, अशा अनेक कोनांतून पाहायचा. कारण परत जाणारा उजेड सगळीकडे सारखा जात नाही. हिम उजेडाला पुष्कळसे पुढे ढकलते, म्हणून सूर्याकडे तोंड करून पाहिले तर डोळे जास्त दिपतात. रानाचे उलट असते. सूर्य पाठीशी घेऊन पाहिले की झाडांच्या सावल्या झाडांमागेच दडतात आणि रान उजळ दिसते. सूर्याकडे तोंड करून पाहिले की तेच रान काळे दिसते. रान बदललेले नसते. पाहणाऱ्याची जागा बदललेली असते.

माझी एक चूक

हे वाचताना मी थबकलो, कारण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नेमका इथेच चुकलो होतो. पावसाने ताण दिलेला होता. पिकाची पाहणी करून कागद पाठवायचा होता. संध्याकाळ होत आली होती, अजून दोन गावे राहिली होती. मी गाडीरस्त्यावरूनच एका ज्वारीच्या रानाकडे पाहिले. ऊन माझ्या पाठीशी होते. पीक भरघोस, सोनेरी दिसले. "बरे आहे," असे लिहून टाकले.

शेताचे मालक, एक म्हातारे आबा, जवळच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ऊन पाठीला घेऊन बघितलंत. आता जरा त्या अंगाला चला अन्‌ उन्हाकडं तोंड करून बघा." मला घाई होती, तरी त्यांच्या वयाकडे पाहून गेलो. पलीकडच्या बांधावरून पाहतो तो काय? ताटे विरळ, मध्ये मोठमोठे खळगे, खालची पाने करपलेली. आत शिरलो तेव्हा तर कणसे हातात घेऊन लाजच वाटली. कागद तिथेच फाडला आणि बॅटरीच्या उजेडात नवा लिहिला. माझ्या पहिल्या कागदाने त्या घराचे वर्ष बुडाले असते. आबा आज नाहीत, पण त्यांचे ते वाक्य मी नव्या प्रत्येक कृषी सहायकाला सांगतो.

आपल्या बांधापर्यंत

आज आपल्याकडेही उपग्रह पिके पाहतात. दिल्लीला २०१२ पासून महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र काम करीत आहे. हिरवे पान तांबडा उजेड खाते आणि डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड जोराने परत पाठवते. सुकत चाललेल्या पिकात हा फरक कमी होतो. उपग्रह हे वरून ओळखतो. साधन चांगलेच आहे. पण हिमाच्या रानाने जो धडा दिला तोच इथे लागू आहे. वरून दिसलेल्या आकड्याला जमिनीवरच्या माणसाची साक्ष लागते. म्हणून पाहणीला किंवा पीक कापणी प्रयोगाला माणूस आला, तर घरातले कोणीतरी हजर राहा. त्याला बांधावरून परत पाठवू नका. चहा नंतर द्या, आधी शेतात आत न्या. दोन्ही अंगांनी दाखवा.

आणि उन्हाचा हिशोब घरीही वापरा. गोठ्याच्या पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा पांढरा हात द्या, जनावराला तेवढाच गारवा. पावसाचा खंड पडला तर केओलिनची फवारणी पानांवर पांढरा थर धरते, ऊन परत पाठवते आणि पानातून उडणारे पाणी कमी करते. प्रमाण मात्र आपल्या कृषी सहायकाला विचारूनच घ्या. मिरची-टोमॅटोला चंदेरी आच्छादन अंथरताना चंदेरी बाजू वर का ठेवायची, तेही आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. हिम पांढरेच असते, पण हिमाचे रान पांढरे नसते. ते किती काळे, हे घरात बसून कोणालाच सांगता आले नाही. त्यासाठी गुडघाभर हिमात उभे राहावे लागले. तुरकाट्यांचा प्रयोग करून पाहा, दुपारी आणि संध्याकाळी काय दिसले ते वहीत लिही आणि मला कळव. पुढल्या फेरीत तुझी वही पाहीन.

सर्वांना रामराम.